खांदा दुखतोय, एमआरआय करू का?

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक भावाचा प्रश्न आहे. वय 51. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास उजवा खांदा दुखायला लागला, पोळा आला तरी थांबलेला नाही. पडले नाहीत, मार लागलेला नाही. रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नाही, मागच्या खिशातलं पाकीट काढायला डावा हात न्यावा लागतो. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. शुगर ‘थोडी आहे’, गोळी आठवण झाली तर घेतात. जळगावला दाखवलं तर एमआरआय लिहून मिळाला. मेव्हणा मागच्या वर्षी मोटारसायकलवरून पडला होता, त्याच्या एमआरआयमध्ये टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) तुटलेलं निघालं आणि ऑपरेशन झालं. त्यामुळे घरचे म्हणतात, तुम्हीही करून टाका. भाऊ विचारतात, पैशाचं बघून घेऊ, पण खरंच करू की थांबू?

मी हाडांचा डॉक्टर आहे, जळगाव जिल्ह्यातच प्रॅक्टिस करतो आणि हा प्रश्न ओपीडीत रोजचा आहे. भाऊ, एमआरआय करायचा की नाही हे ठरवण्याआधी स्वतःला आणि डॉक्टरांना एक विचारा: त्यात जे निघेल त्याने माझा उपचार बदलणार आहे का? ‘काहीही निघालं तरी आधी व्यायाम, शुगर आणि फार तर एक इंजेक्शन’ असं उत्तर आलं, तर आज एमआरआयची गरज नाही. ‘अमुक निघालं तर लवकर ऑपरेशन लागेल’ असं उत्तर आलं, तर उद्याच करा. बाकी सगळं या दोन उत्तरांपैकी आपलं कोणतं ते ओळखण्यात आहे, आणि ते बहुतेक वेळा हात लावून तपासल्यावर कळतं.

खांदा न तपासता मी छातीठोकपणे निदान सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्यात बरंच काही आहे, आणि थोडं तुम्ही घरीच बघू शकता.

शर्ट काढून आरशासमोर उभे राहा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून काटकोनात वाकवा, मुठी समोर. आता कोपर जागचं न हलवता दोन्ही मुठी बाहेरच्या बाजूला न्या. डावी किती जाते, उजवी किती, ते बघा. मग घरातल्या कुणाला तरी उजवं मनगट धरून हात हळूच तसाच बाहेर न्यायला सांगा. या वेळी तुम्ही जोर लावायचा नाही, हात सैल सोडायचा. शेवटी तसंच हात समोरून वर नेऊन बघा, आधी स्वतः, मग दुसऱ्याच्या मदतीने. ओढाताण नको. दुखलं की थांबायचं.

स्वतःहून हात जात नाही आणि दुसऱ्यानेही जात नाही, मधेच अडकल्यासारखा थांबतो, तर सांध्याभोवतीचं आवरण आवळलेलं असतं. याला आम्ही फ्रोझन शोल्डर म्हणतो. यात मूठ बाहेर नेण्याची हालचाल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जाते, म्हणून मी तीच आधी करायला सांगितली. तुमची माहिती याच दिशेला बोट दाखवते: पन्नाशीचं वय, मार नाही, रात्रीचं दुखणं, हात मागे न जाणं, आणि ती ‘थोडी’ शुगर. मधुमेह असलेल्यांना हा आजार इतरांपेक्षा साधारण पाचपट जास्त होतो. थायरॉइडच्या रुग्णांतही दिसतो. कित्येक जणांचा मधुमेह तर खांद्याच्या निमित्तानेच पहिल्यांदा सापडतो. फ्रोझन शोल्डरचं निदान हाताने होतं, त्याला एमआरआय लागत नाही.

मात्र साधा एक्स-रे, आपल्याकडचा ‘फोटो’, मी यातही काढायला लावतो. सांधा झिजलेला असेल तरी हात असाच अडकतो आणि ते फोटोत लगेच दिसतं. दुसरं कारण आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसला किंवा फिट आली, तर खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. बाहेरून तो फारसा वेडावाकडा दिसत नाही, आणि समोरून काढलेल्या एकाच फोटोत चुकूनही जातो. रुग्ण महिनोन्महिने फ्रोझन शोल्डर समजून शेकत बसतो. म्हणून फोटो दोन बाजूंनी काढायचा, त्यातला एक काखेतून किंवा बाजूने, आणि शॉकची गोष्ट डॉक्टरांना न विचारताही सांगायची.

दुसरी शक्यता अशी. दुसऱ्याने उचलला तर हात सहज वर जातो, पण स्वतःहून उचलताना खांदाच उडतो, हात वर येत नाही, किंवा वर नेऊन सोडला की धपकन खाली पडतो. ही ताकद गेल्याची खूण आहे. ‘डॉक्टरसाहेब, हात वर व्हत नही’ असं सगळेच सांगतात, पण दुखतं म्हणून होत नाही आणि ताकदच नाही म्हणून होत नाही, हे दोन वेगळे आजार आहेत. खांद्याचा गोळा चार स्नायूंच्या टेंडनांनी धरून ठेवलेला असतो, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यातलं एखादं पूर्ण तुटलं किंवा तिथे जाणारी नस गेली, की असं होतं. इथे स्कॅनचा उपयोग आहे, आणि मी तो टाळत नाही.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त आढळते. हात स्वतःहून पूर्ण जातो, ताकद आहे, फक्त वर नेताना मधल्या टप्प्यात, साधारण 60 ते 120 अंशांच्या दरम्यान, कळ येते आणि पुढे गेल्यावर कमी होते. हे रोटेटर कफच्या टेंडनचं दुखणं. पाठीवरच्या पंपाने दिवसभर फवारणी करणारे, डोक्याच्या वर हात करून घडांची कामं करणारे, आखाजीला खापरावर मांडे करणाऱ्या बायका, सगळ्यांत दिसतं. यात पहिल्या काही आठवड्यांत कुठलाही स्कॅन उपचार बदलत नाही.

आता कुणीही म्हणेल, डॉक्टर, बघून घेतलं तर नुकसान काय? एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, खर्च पाच-आठ हजारांचा, एकदाचं कळेल तरी. पण घोळ याच ‘कळेल’मध्ये आहे. 1995 साली अमेरिकेत 96 जणांच्या खांद्यांचे एमआरआय केले होते. कुणाचाच खांदा दुखत नव्हता. तरी एक तृतीयांश लोकांत टेंडनला चीर निघाली, आणि साठीच्या पुढच्यांत तर निम्म्याहून जास्त जणांत. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 40 ते 70 वयाच्या, अजिबात दुखणं नसलेल्या 51 पुरुषांची खांद्याची सोनोग्राफी केली होती. त्यातल्या 96 टक्के खांद्यांत काही ना काही निघालं. म्हणजे भाऊ, तुमचा एमआरआय केला तर त्यात टेंडिनोसिस (टेंडनची झीज), पार्शल टेअर (अर्धवट चीर), बर्सायटिस (सांध्याजवळच्या पिशवीची सूज), एसी जॉइंट आर्थ्रोसिस (खांद्याच्या वरच्या टोकाच्या छोट्या सांध्याची झीज) यातलं काहीतरी निघणारच, असं मी न बघता सांगतो. तुमच्या डाव्या, न दुखणाऱ्या खांद्यातही निघेल. दहा-बारा वर्षं चाललेला ट्रॅक्टर खोलला तर झिजलेला भाग सापडायचाच. तो आज चालू का होत नाही, त्याचं कारण तोच भाग आहे का, हा प्रश्न वेगळा.

रिपोर्टवर ‘टेअर’ हा शब्द आला की घरात जे घडतं ते मी खूप वेळा बघितलंय. माणूस हात हलवायलाच घाबरतो. गळ्यात बांधून ठेवतो. व्यायाम बंद. आधी फक्त दुखणारा खांदा दोन महिन्यांत खरोखर आखडतो. मग मुंबई-पुण्याला कुणाला तरी दाखवायचं, ऑपरेशनची तारीख काढायची. खरं तर मार न लागता, झिजून टेंडन पूर्ण तुटलेल्या रुग्णांनाही आधी व्यायामच देतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना व्यायाम केल्यावर दोन वर्षांपर्यंत ऑपरेशन करावं लागलं नाही. आणि टेंडनला जागा करून द्यायला हाड घासायचं जे दुर्बिणीचं ऑपरेशन पूर्वी सर्रास व्हायचं, त्याची 2018 साली ब्रिटनमध्ये खोट्या ऑपरेशनशी तुलना झाली. एका गटात हाड घासलं, दुसऱ्यात फक्त दुर्बीण घालून बघितलं आणि बाहेर काढलं. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. मी स्वतः ऑपरेशन करणारा माणूस आहे, तरी हे सांगतोय.

मग मेव्हण्याचं ऑपरेशन उगाच झालं का? तसं अजिबात नाही, उलट तिथे एमआरआय करणं बरोबरच होतं. तो पडला होता. धडधाकट टेंडन एका झटक्यात तुटतं तेव्हा वेळेला किंमत असते. तुटलेलं टोक आत ओढलं जातं, स्नायू वाळतो, त्यात चरबी भरते, आणि सहा-आठ महिन्यांनी शिवायला गेलं तर ते ओढून जागेवर येत नाही. म्हणून पडल्यावर, जड वजन सावरताना झटका बसल्यावर किंवा खांदा निखळून बसवल्यावर हात उचलायची ताकद गेली असेल, तर आधी फोटो, आणि हाड शाबूत असेल तर दोन-तीन आठवड्यांत सोनोग्राफी किंवा एमआरआय. चाळिशीनंतर पहिल्यांदा खांदा निखळला तर टेंडन तुटलंय का हे मी मुद्दाम बघतो. विशीतल्या कबड्डी खेळणाऱ्या पोराचा निखळला तर चिंता वेगळी असते. त्याच्या सांध्याची कड फाटते आणि खांदा पुन्हा पुन्हा निखळतो. तिथेही एमआरआय कामाचा.

थोडक्यात, तुमचं आणि मेव्हण्याचं दुखणं एकाच जागी असलं तरी गोष्ट एक नाही. त्याचा खांदा एका दिवशी, एका घटनेने गेला. तुमचा हळूहळू आखडत गेला. त्याचा रिपोर्ट तुम्हाला लागू होत नाही.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्यात वाट बघायची नाही. ताप आणि सांधा गरम, लाल, हात जरासुद्धा हलवू देत नाही, तर त्यात पू झालेला असू शकतो. मधुमेह्यांत हे जास्त होतं, आणि अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, खांद्याचा स्नायू डोळ्यांदेखत वाळतोय, तर क्षयाचा विचार करावा लागतो, कारण क्षय खांद्यातही होतो. पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाचं खांद्याचं हाड रात्रंदिवस ठणकत असेल तर तेही लगेच तपासायचं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा खांदा दुखतोय आणि सोबत हाताच्या करंगळीकडे मुंग्या, पंजाची ताकद कमी, त्या बाजूची पापणी खाली आलेली, असं असेल तर खांद्याऐवजी छातीचा फोटो आधी काढा. फुप्फुसाच्या वरच्या टोकाची गाठ अशी बोलते. आणि चालताना, चढताना डावा खांदा किंवा हात भरून येतो, घाम येतो, थांबल्यावर कमी होतं, तर माझ्याकडे न येता ईसीजी काढायला जा.

दुखणं खांद्याचंच आहे ना, हेही एकदा बघून घ्या. रुग्णाला ‘कुठे दुखतं ते दाखवा’ म्हटलं की बरंच कळतं. तळहाताने दंडाची बाहेरची बाजू चोळून दाखवली तर बहुधा खांदा, आणि ते दुखणं कोपराच्या खाली क्वचितच उतरतं. मान आणि खांद्याच्या मधला भाग दाखवला, कळ बोटांपर्यंत जाते, अंगठ्यात बधिरपणा आहे, हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, तर मानेची नस तपासायला हवी. अशा माणसाने खांद्याचा एमआरआय केला तर पैसे चुकीच्या जागी गेले. एका बोटाने खांद्याच्या अगदी वरचं टोक दाखवलं, तर तो गळपट्टीच्या हाडाचा छोटा सांधा असतो. वर्षानुवर्षं केळीचे घड खांद्यावरून वाहणाऱ्या मजुरांचा तोच झिजलेला दिसतो. त्याला एक साधा फोटो पुरतो.

तपासण्यांबद्दल थोडं. फोटोत हाड, सांध्याची झीज, निखळणं आणि टेंडनमध्ये साठलेला चुना दिसतो, टेंडन स्वतः दिसत नाही. टेंडन पूर्ण तुटलंय का एवढंच बघायचं असेल तर चांगल्या हाताने केलेली सोनोग्राफी एमआरआयच्या जवळपास तोडीची असते, स्वस्तही पडते आणि हात हलवून बघता येतो. अडचण त्या ‘चांगल्या हाता’ची आहे. पोटाची सोनोग्राफी रोज करणारा प्रत्येक जण खांद्याची तितक्या सफाईने करतोच असं नाही. म्हणून तुमच्या गावापासून जवळ कोण खांद्याची सोनोग्राफी नियमित करतं ते तुमच्या हाडांच्या डॉक्टरांनाच विचारा. एमआरआयमध्ये स्नायू किती वाळला, हाडाच्या आत काय आहे, सांध्याची कड कशी आहे हे दिसतं, त्यामुळे ऑपरेशन ठरवताना तोच लागतो.

ज्यांनी एमआरआय लिहून दिला त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी हाताला काहीतरी वेगळं लागलं म्हणूनही लिहिला असेल, ते विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे ‘नुसतं हात फिरवून पाहिलं, फोटोसुद्धा काढला नाही’ अशी तक्रार डॉक्टरांच्या मागे होते. मग लिहिणाराही लिहून मोकळा होतो.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. उद्या उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर. गोळी आठवण झाली तर नाही, रोज. खांद्याचे दोन बाजूंनी फोटो. मग दोन्ही हात शेजारी शेजारी तपासून बघणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. खासगीत जायचं नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथली हाडांची ओपीडी आहे. फ्रोझन शोल्डरच निघाला तर दुखण्याच्या पहिल्या काही महिन्यांत सांध्यात एक स्टिरॉइडचं इंजेक्शन चांगलं काम करतं, रात्रीची झोप परत येते. फक्त मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस शुगर चढते, तेव्हा ती मोजत राहायची, आणि शुगर आधीच फार चढलेली असेल तर आधी ती उतरवून मग इंजेक्शन. सोबत व्यायाम: वाकून हात सैल सोडून लोलकासारखा झुलवणं, भिंतीवर बोटांनी चढणं, काठी दोन्ही हातांत धरून दुखऱ्या हाताची मूठ बाहेर ढकलणं. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं, दुखणं तासाभरात उतरेल इतपतच. कुणी ‘एका झटक्यात मोकळा करतो’ म्हणून हात ओढायला बसलं तर तिथून उठून या. आवळलेला खांदा झटक्याने ओढला तर हाड मोडू शकतं.

हा आजार बहुधा सुटतो, पण त्याच्या वेळेने, एक ते तीन वर्षांत, आणि शुगर सांभाळली नाही तर जास्त रेंगाळतो. त्यामुळे महिन्याभरात पूर्ण बरं वाटलं नाही म्हणून एमआरआयकडे धावू नका. पण सहा ते बारा आठवडे नीट उपचार करूनही हालचाल आणि दुखणं तसूभर हललं नाही, किंवा मधेच हाताची ताकद जायला लागली, किंवा वर सांगितलेल्या खुणांपैकी एखादी दिसली, तर माझंही उत्तर बदलेल. तेव्हा मीच म्हणेन, आता करून घ्या.

आणि करायचाच ठरला तर चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय शोल्डर’ नको. कोणती बाजू, किती दिवसांचं दुखणं, मार लागला होता का आणि नेमकी शंका काय, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. रिपोर्ट लिहिणाऱ्याला ते कळलं तर तो त्या जागी नीट बघतो. पेसमेकर, कानात ऑपरेशनने बसवलेलं यंत्र, डोळ्यात लोखंडाचा कण गेल्याचा इतिहास असेल तर आधीच सांगा. वेल्डिंगचं काम केलेल्यांनी तर नक्कीच. आत अर्धा तास न हलता पडून राहावं लागतं, तेव्हा खांदा फार ठणकत असेल तर जाण्याआधी वेदनाशामक घ्यायचं का ते विचारून ठेवा. आणि येताना फक्त छापील रिपोर्ट आणू नका, सीडी आणि फिल्म दोन्ही आणा. रिपोर्ट मी वाचतो, पण ठरवतो फिल्म आणि तुमचा हात बघून.